आजीची गोधडी उसवू नकोस

नाशिक,
४ डिसेंबर

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

गोधडी उसवून आत कापसाची शीट घालू की पॉलिएस्टरची, असं विचारलंस आणि तेवढ्यात तुझी मीटिंग आली. म्हणून हे पत्र.

आधी कात्री खाली ठेव. आजीच्या गोधडीत वेगळं भरण नाहीच, नऊवारीचेच थर आहेत एकावर एक. टाके काढलेस तर जाळीसारखे पदर हातात येतील. वरचं कापड विरलंय, पण आतलं धड आहे. तेव्हा ही गोधडीच नव्या गोधडीचं भरण समज. जुनी वाकळ नवीच्या पोटात घालायची रीत आपल्याकडे आहेच. दोन्ही बाजूंनी सुती कापड लाव, मधून कडांकडे कच्चे टाके घालत ये, मग धावदोरा. तुझ्या हौसेच्या मशीनला एवढी जाडी झेपायची नाही, हातानेच शिव. आणि कोरं कापड आधी भिजवून वाळव. जुनी लुगडी आटायची तेवढी आटलीत. कोरं कापड वर लावल्यावर आटलं तर चुण्याच चुण्या.

ओवीसाठी नवी करणार आहेस, तिथे मात्र शीट घे. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर आला की द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात. तसल्या गारठ्याला पिंजलेल्या कापसाची जाड रजई हवी. ठाण्यात थंडी ती कसली? तुमच्या एसीपुरती पातळ कापसाची शीट पुष्कळ झाली. घाम टिपते, अंगाशी नीट बसते. धुतल्यावर शेकडा तीन ते पाच आटते, म्हणून मापाला थोडी मोठीच कर. टाक्यांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते पाकिटावर छापलेलं असतं, ते वाचल्याशिवाय नक्षी आखू नकोस. सुटा कापूस घालशील तर टाके खूप जवळ हवेत, नाहीतर दोन धुण्यांत गोळे होऊन सगळा एका कोपऱ्यात.

पॉलिएस्टर मला आवडत नाही. फुगीर दिसतं, हलकं असतं, पण अंगाखाली घाम फुटतो, आणि गडद कापडातून त्याचे पांढरे तंतू डोकावतात. तू तो निळा खण वापरणार म्हणालीस ना, त्यावर तर हमखास दिसतील. तरी पावसाळ्यात ते झटकन वाळतं, आटतही नाही. ओवी अजून अधूनमधून गादी ओली करत असेल तर तेवढ्यापुरती एक पॉलिएस्टरची असू दे. तिला कडक इस्त्री मात्र लावू नकोस.

गोधडीची लांबी-रुंदी मोजून कळव. मेनरोडला गेले की अस्तराचं कापड घेते, इथेच भिजवून वाळवते आणि बाबा येतील तेव्हा त्यांच्याबरोबर देते. दोरा तिकडचा घेऊ नकोस, माझ्याकडे जाड सुती रीळ पडून आहे.

तुझी,
आई