ऑइल सीलच्या गळतीसाठी २८,८५१ रुपयांचे बिल : अधिकृत वर्कशॉपविरुद्ध तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग (व्यावसायिक वाहने)

विषय : मागील एक्सलच्या ऑइल सीलच्या दुरुस्तीत एकाच कामाची मजुरी अनेकदा आकारल्याबाबत आणि गळती पुन्हा सुरू झाल्याबाबत.

महोदय,

माझा सहाचाकी टिप्पर गेल्या महिन्यात मी आपल्या कंपनीच्या गोव्यातील अधिकृत वर्कशॉपमध्ये दिला होता. मागच्या क्लीनर बाजूच्या (डावीकडच्या) हबमधून, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागातून, ऑइल गळत होते, ते बंद करणे एवढेच काम होते. सील, थोडे ऑइल आणि मजुरी मिळून पाच हजारांच्या आत काम होईल, असे गाडी आत घेताना सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने तोंडी सांगितले, पण जॉब कार्डवर (गाडीच्या कामाची नोंद करण्याच्या कागदावर) 'मागील हब ऑइल गळती' इतकेच लिहून अंदाजे खर्चाचा रकाना कोरा ठेवला. गाडी न्यायला गेलो तेव्हा हातात आलेले बिल १८ टक्के कर धरून २८,८५१ रुपयांचे होते. काम वाढले आहे, खर्च वाढणार आहे, करू की नको, असे विचारणारा एकही फोन मधल्या काळात आला नाही. पैसे भरल्याशिवाय गेट पास मिळणार नाही असे सांगितल्यामुळे मी रक्कम भरली, आणि ती हरकत नोंदवून भरत आहे असे वर्कशॉपच्या प्रतीवर सहीच्या वर लिहून दिले.

ही गळती किरकोळ नसते, हे मला चांगले ठाऊक आहे. हबचे ऑइल अडवणारे सील गेले की एक्सलच्या हाऊसिंगमधले (बाहेरच्या कवचातले) गिअर ऑइल थेट ब्रेक ड्रममध्ये उतरते आणि लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारे पट्टे, ते पिऊन घेतात, मग त्या चाकाला ब्रेक लागतच नाही. भरलेली गाडी घेऊन अनमोड घाटातून मोलेकडे उतरणाऱ्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. म्हणून दोन्ही बाजूंचे लायनर बदलले, याबद्दल माझी तक्रार नाही. ऑइल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून परत चढवण्याची रीत रस्त्याकडेच्या काही गॅरेजांत आहे, ती मला कधीच पटलेली नाही, आणि एका बाजूला नवे व दुसऱ्या बाजूला जुने लायनर ठेवले तर गाडी ब्रेकमध्ये एकीकडे ओढते. लायनरसाठी ड्रायव्हर बाजूचा हबही उतरलाच होता, म्हणून तिकडचे सील बदलले, हेही मी मान्य करतो.

माझा मुख्य आक्षेप मजुरीला आहे. या बिलात दोन्ही बाजूंचे सील बदलण्याचे २,४०० रुपये, क्लीनर बाजूची हब बेअरिंग बदलण्याचे २,२०० रुपये, दोन्ही चाकांचे लायनर बदलण्याचे २,६०० रुपये आणि ऑइल बदलण्याचे ५०० रुपये, अशा चार वेगळ्या ओळी आहेत. माझ्या गाडीत सीलपर्यंत पोहोचायचे तर जोडचाके काढावी लागतात, एक्सल शाफ्टचे नट सोडून शाफ्ट बाहेर ओढावा लागतो आणि हब नट खोलून ड्रमसकट हब उतरवावा लागतो. या कामाची मेहनत इथेच असते. एकदा हब खाली आला की सील चार ठोक्यांत निघते, त्यामुळे ८५० रुपयांच्या सीलला एका बाजूची १,२०० रुपये मजुरी लागली यात मला काही वावगे वाटत नाही. परंतु हब खाली आल्यावर बेअरिंगचे राहिलेले काम म्हणजे आतले कप (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्या) ठोकून काढून नवे बसवणे आणि ग्रीस भरणे, तर लायनरचे राहिलेले काम म्हणजे लायनर ज्यावर बसवलेले असतात ते ब्रेक शू उतरवून, जुने रिव्हेट फोडून नवे लायनर ठोकणे. दर कसा ठरतो असे मी काउंटरवर विचारले तेव्हा, प्रत्येक कामाला लागणारी प्रमाणित वेळ कंपनीने सिस्टिममध्ये घातलेली आहे आणि ती चाके काढण्यापासून परत बसवेपर्यंतची असते, असे उत्तर मिळाले. हे उत्तर खरे मानले तर क्लीनर बाजूचा हब एकदाच उतरून एकदाच चढला असताना त्याची मजुरी माझ्याकडून तीनदा घेतली गेली आणि ड्रायव्हर बाजूची दोनदा. कामे एकत्र केली तर सामाईक वेळ वजा करायची असते, हे आपल्या सिस्टिमला कळत नसेल, तर बिलावर सही करणाऱ्या माणसाला तरी कळायला हवे होते.

बेअरिंगबद्दल माझे म्हणणे वेगळे आहे. क्लीनर बाजूची आतली आणि बाहेरची मिळून ६,४०० रुपयांची बेअरिंग बदलल्याचे बिलात आहे. गाडी आत घेताना सुपरवायझरने माझ्यासमोर मागचा एक्सल जॅकवर उचलून चाक वर-खाली हलवून पाहिले होते आणि प्ले (ढिलेपणा) नाही असे स्वतःच म्हटले होते. प्ले नसतानाही बेअरिंग खराब असू शकते, हे मी नाकारत नाही. रोलर निळे पडलेले असतात, कपवर खड्डे पडलेले असतात, आणि ते उघड्या डोळ्यांनी दिसते. मग ती बेअरिंग मला दाखवायला काय हरकत होती? मी ती मागितली तेव्हा स्क्रॅपमध्ये गेली असे सांगून विषय संपवण्यात आला, आणि जुन्या लायनरचेही तेच झाले. जुने पार्ट परत हवेत की नकोत, हा जॉब कार्डवरचा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता.

ऑइलचा हिशेबही मला कळलेला नाही. ३८० रुपये दराने दहा लिटर गिअर ऑइल लावले आहे. एका वेळी एकच बाजू जॅकवर उचलली की ऑइल दुसऱ्या बाजूला सरकते, शाफ्ट ओढताना थोडेफार सांडते, तेवढे भरून लेव्हल करायची असते. संपूर्ण ऑइल बदलायचे होते तर त्याचे कारण, निदान एका ओळीत, लिहायला हवे होते.

एवढा खर्च होऊनही गळती थांबलेली नाही. थोड्याच दिवसांत त्याच बाजूच्या आतल्या टायरवर ऑइलचे ओघळ दिसू लागले. गाडी परत आपल्या वर्कशॉपमध्ये नेली, तर वॉरंटी पार्टवर आहे, मजुरीवर नाही, असे सांगून नव्या जॉब कार्डची तयारी सुरू झाली. तिथून मी गाडी थेट डिचोलीच्या एका ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. त्याने आधी चाकाला हात न लावता गाडीखाली जाऊन हाऊसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी छोटी तोटी, पाहिला. तो लाल मातीने पूर्ण बुजून, सुकून घट्ट झाला होता. ब्रीदर खोलताच आतली कोंडलेली हवा फुस्सकन बाहेर आली. चालून चालून एक्सल गरम झाला की आतली हवा फुगते, ब्रीदर बंद असेल तर तिला बाहेर पडायला वाट उरत नाही, आणि मग ती सीलमधूनच ऑइल ढकलते. नवे सील अशाने कितीही वेळा गेले असते. डिचोली-सत्तरीकडे चालणाऱ्या टिप्परांच्या ब्रीदरमध्ये माती जाते, हे इकडच्या क्लीनर पोरालाही ठाऊक असते, म्हणून अधिकृत वर्कशॉपने तो पाहूही नये याचे मला अधिक वाईट वाटते. ब्रीदर साफ करून पुन्हा एकदा सील घालण्याचे मला तिथे २,३०० रुपये पडले. लायनर नशिबाने वाचले. त्यानंतर हब कोरडा आहे.

हा टिप्पर मी स्वतः चालवतो आणि घर त्यावरच चालते. २०१२ साली गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाण लिजांचे (भाडेपट्ट्यांचे) नूतनीकरण रद्द केले, तेव्हापासून माझ्यासारखे अनेक जण खडी, चिरे, माती असे मिळेल ते भाडे मारत आहेत. हे लिहिण्याचे कारण एवढेच की आपल्या माणसाने मला, 'व्यावसायिक गाडीवाल्याला ग्राहक कायदा लागत नाही,' असे ऐकवले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) मधील स्पष्टीकरण त्यांनी वाचावे. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी केलेला वापर त्यात व्यापारी हेतूतून वगळलेला आहे. सेवेचा दर्जा आणि किंमत कळण्याचा हक्कही त्याच कायद्याने दिलेला आहे.

तरी माझी मागणी अशी आहे की, आपल्या मॅन्युअलमधील प्रत्येक कामाची प्रमाणित वेळ दाखवणारा लेखी तक्ता मला द्यावा आणि त्यानुसार सामाईक वेळ वजा करून बेअरिंग व लायनरच्या ४,८०० रुपये मजुरीतील जादा रक्कम करासह परत करावी. काढलेली बेअरिंग खराब होती याचा फोटो किंवा तपासणीची नोंद असल्यास ती दाखवावी, नसल्यास ६,४०० रुपये आणि त्यावरील कर परत करावा. दहा लिटर ऑइलचा खुलासा करावा. आणि मूळ कारण न पाहिल्यामुळे बाहेर करावा लागलेला २,३०० रुपयांचा खर्च भरून द्यावा. सीलची किंमत, लायनरची किंमत आणि सील बदलण्याची मजुरी यांतील एक रुपयाही मी मागत नाही.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. वर्कशॉपच्या व्यवस्थापकांनी फोनवर 'पुढच्या सर्व्हिसिंगला बघू, काहीतरी सूट देऊ' असे सांगितले होते. सूट मला नको आहे, हिशेब हवा आहे.

जॉब कार्ड, बिल, पैसे भरल्याची पावती, बुजलेल्या ब्रीदरचा फोटो आणि डिचोलीच्या गॅरेजचे बिल यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. मूळ कागद माझ्याकडे आहेत.

आपला विश्वासू,
(सही)
टिप्पर मालक व चालक,
साखळी, गोवा