ओळखपत्र आहे, पण यादीत नाव?

महोदय,

माझी सून लग्नानंतर डिचोलीहून फोंड्याला आली. मतदानाच्या दिवशी ओळखपत्र घेऊन आमच्या केंद्रावर गेली आणि तशीच परतली. नाव अजून माहेरच्याच यादीत! हातात ओळखपत्र असले, तरी त्या केंद्राच्या यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. फार वाईट वाटले. पत्ता बदलला की अर्ज क्रमांक ८ भरावा. ६ क्रमांकाचा अर्ज नव्या मतदारांसाठी. तरुणांना आता फक्त १ जानेवारी नव्हे, तर १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर याही पात्रता तारखा, म्हणजे वयाची १८ वर्षे पूर्ण झाली का हे पाहण्याच्या तारखा, आहेत. वयाची १७ वर्षे पूर्ण होताच आगाऊ अर्ज करता येतो. उच्च माध्यमिक विद्यालयांनी हे वर्गात सांगावे, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, फोंडा