सकाळच्या आवाजाला नाव नव्हतं

देवगड,
मे अखेर

प्रिय बाबल,

तुझं पत्र आंब्याच्या ऐन घाईत आलं, म्हणून उत्तराला उशीर. आता कलमं रिकामी झालीत, उरलेली खोकी माळ्यावर गेलीत. पाऊस सुरू व्हायच्या आत लिहून होईल तेवढं लिहितो. एकदा पाऊस लागला की पोस्टाचं आणि विजेचं काय होतं ते तुला डोंबिवलीत बसून आठवत नसेल, पण इथे काही बदललेलं नाही.

रेडिओ-टीव्हीवरच्या जुन्या निवेदकांची नावं तू मागितलीस. देतो. पण त्या यादीत आपली खरी माणसं यायची नाहीत, कारण त्यांना नावंच नव्हती. नाव असायचं ते बातम्या देणाऱ्याला. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी पुण्याहून सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या द्यायच्या, साडेआठला दिल्लीहून दत्ता कुलकर्णी नाहीतर नंदकुमार कारखानीस. त्याआधी सातला पाच कमी असताना संस्कृत बातम्या. 'प्रवाचकः बलदेवानन्दसागरः' एवढंच आपलं संस्कृत, आणि तेवढ्यावर तू शाळेत गुरुजींवर छाप मारायला जायचास. ही झाली नावाची माणसं. पण भल्या पहाटे ती संकेतधून संपली की केंद्राचं नाव सांगून, वेळ सांगून आपला दिवस उघडणारा जो माणूस असे, तो बिननावाचा. रोज घरात यायचा आणि आपण कोण ते कधी सांगायचा नाही.

म्हणून नावं आपणच ठेवली. सकाळच्या प्रसारणसभेतली बाई 'खडीसाखर'. दुपारचा एक होता त्याच्या नाकात बारा महिने काहीतरी अडकलेलं असायचं, तो 'सर्दी'. आणि संध्याकाळचा 'हेडमास्तर', ज्याचा आवाज लागला की तू पडवीत पाय आवरून बसायचास.

हे सगळे रत्नागिरीचे. रत्नागिरी केंद्र सुरू झालं १९७७ च्या जानेवारीत. सिंधुदुर्ग वेगळा व्हायला अजून चार वर्षं होती, त्यामुळे देवगड-मालवणपासून सावंतवाडीपर्यंत सगळ्यांनाच ते 'आपलं' केंद्र. तोवर रेडिओ म्हणजे परगावच्या माणसांचं बोलणं. मुंबई, पुणे, पणजी, नाहीतर थेट सिलोन. लोक ऐकायचे, हसायचे, रडायचे, पण पाहुण्याचं ऐकावं तसं. रत्नागिरी लागल्यावर पहिल्या आठवड्यात आमची आजी देवासमोरून उठून आली होती ते मला स्वच्छ आठवतं. रेडिओत जैतापूर आणि विजयदुर्ग एका वाक्यात आले होते, आणि तिला वाटलं कोणीतरी निरोप घेऊन आलंय.

त्याच मार्चमध्ये निवडणुकीचे निकाल. कंदिलाच्या उजेडात अख्खी वाडी आमच्या खळ्यात. आपल्या राजापूर मतदारसंघातून मधू दंडवते आले, आणि काही दिवसांनी ते रेल्वेमंत्री झाल्याची बातमी आली. ज्या मतदारसंघातल्या निम्म्या लोकांनी आगगाडी पाहिली नव्हती, तिथला माणूस रेल्वेमंत्री! तुझे काका म्हणाले होते, 'आता रेल्वे इली समजा.' इली, पण १९९८ साली. काका तोवर नव्हते.

तू विचारलंस, तुझ्या मामांकडे फोंड्याला रेडिओ नुसता खरखरायचा आणि आमच्याकडे भर दुपारी मुंबई कशी लागायची. आमचा मर्फी चांगला होता म्हणून नाही. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत धावतात, आणि जांभ्याच्या खडकाळ सड्यापेक्षा खाऱ्या पाण्यावरून त्या कितीतरी कमी झिजतात. मुंबईहून निघालेला आवाज समुद्रावरून सरळ आमच्या पडवीत. घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत त्याचा जीव गेलेला असायचा. रात्री मात्र उलटा प्रकार. आकाशातल्या वरच्या थरावर आपटून कुठकुठची केंद्रं खाली यायची, एकमेकांच्या अंगावर चढायची, आणि बटण केसभर फिरवलं की भाषा बदलायची. लघुलहरींवरचा सिलोन त्यातून वाट काढत यायचा. सकाळी आठला काही मिनिटं असताना सैगलचं गाणं लागलं की आई आम्हाला शाळेसाठी हाकलायची, घड्याळ बघायची तिला गरज नसायची. गोपाळ शर्मा, मनोहर महाजन ही नावं आपल्याला वर्गातल्या मुलांच्या नावांसारखी पाठ होती. आणि बुधवारी रात्री आठला अमीन सयानी. तुझे वडील त्या तासाला तुला घराबाहेर सोडत नसत, म्हणून तू मागच्या परसातून पळून यायचास. हे मी तुझ्या नातवाला सांगणार आहे.

पण रेडिओवाचून खरोखर अडायचं ते आनंदवाडीतल्या घरांचं. हवामानाची बातमी आपण कान खाजवत ऐकायचो. दर्यावर ज्याची होडी आहे त्याच्या घरात त्या वेळी पोरांनासुद्धा बोलायची बंदी. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, वारे ताशी इतक्या वेगाने वाहतील, अमुक बंदरांवर तीन नंबरचा बावटा लावला आहे, एवढीच चार वाक्यं. देवगडचं बंदर आडोशाचं, त्यामुळे बावटा लागला की आपल्याच नाही, गुजरात-कर्नाटकाकडच्या नौकासुद्धा आत यायच्या आणि खाडी डोलकाठ्यांनी भरून जायची. तुला तो म्हातारा तांडेल आठवतो का, कानाशी ट्रान्झिस्टर धरून जेटीवर बसणारा? सेल उतरले की उन्हात वाळत घालून पुन्हा वापरायचा. हा इशारा सर्दीने दिला तर तो आकाशाकडे बघून स्वतःचं मत बनवायचा. हेडमास्तरने दिला तर गुपचूप उठून दोर आवळायला जायचा. मी एकदा विचारलं, दोघांनी तेच तर सांगितलं. तर म्हणाला, 'बाकीचे वाचतत. ह्यो सांगता.'

बाबल, निवेदनाबद्दल पुढे मी बरंच वाचलं, दोन-चार नामवंतांची भाषणंही ऐकली. श्वास कुठे घ्यावा, जोडाक्षर कसं उचलावं, कागदाचा आवाज माइकमध्ये जाऊ नये म्हणून पान कसं सरकवावं. सगळं बरोबर असेल. पण तांडेलाच्या त्या चार शब्दांपुढे मला कोणी गेलेलं आढळलं नाही. हेडमास्तरचा आवाज काही मखमली वगैरे नव्हता. इशारा वाचताना तो गावाच्या नावापाशी किंचित थांबायचा, जणू त्या बंदरातलं कोणीतरी त्याच्या ओळखीचं आहे. असेलही. आणि गाण्याच्या कार्यक्रमात तोच माणूस निम्म्याने हलका व्हायचा.

म्हणून तुझ्या पत्रातली ती तक्रार मला पटत नाही, की पूर्वीचं मराठी शुद्ध होतं आणि आता सगळं बिघडलं. शुद्ध होतं हे खरं, पण नुसत्या शुद्धपणाने कोणी लक्षात राहिलं नाही. सर्दीचं मराठी हेडमास्तरपेक्षा काकणभर जास्तच शुद्ध होतं.

फर्माइशींचं तर तूच लिही, मी साक्षीदार एवढाच. एका पोस्टकार्डावर सात जणांची नावं, त्यातली चार माणसं जगात नव्हतीच. वाडीचं नाव, मग गावाचं, मग तालुका. गाणं तीन मिनिटांचं आणि नावांची माळ जवळजवळ तेवढीच, पण खडीसाखर एकही नाव गाळायची नाही. तू तुझ्या नावाला चिकटून तिचं नाव घातलंस, कोणाचं ते इथे लिहीत नाही, कारण पत्र वहिनी आधी फोडतात. ते सबंध देवगड तालुक्याने ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिच्या भावाने सायकल अडवली तेव्हा माझ्याकडे बोट दाखवून तू मोकळा झालास.

आणि रत्नागिरीचा एसटी स्टँड. तू मात्र याबद्दल पत्रात चकार शब्द लिहिला नाहीस, म्हणून मला लिहावंसं वाटतं. तुझ्या मुलाखतीला आपण गेलो होतो, परतीची गाडी चुकली होती, बाकावर वडापाव खात बसलो होतो. मागून एका बाईने कंट्रोलरच्या खिडकीत विचारलं, 'लांज्याची साडेपाचची लागली का हो?' तुझा हात तोंडाशी तसाच राहिला. आपण दोघांनी वळून पाहिलं. साधं सुती पातळ, हातात भाजीची पिशवी, वरून शेपूची जुडी डोकावतेय. मी तुझ्या कानात म्हटलं, खडीसाखर. तू नाही म्हणालास, ती उंच आहे. जशी काही तू तिची उंची मोजून ठेवली होतीस! मग तिने कंट्रोलरला 'धन्यवाद' म्हटलं आणि शंका उरली नाही, कारण शेवटचं अक्षर ती रोज असंच हलकेच खाली ठेवायची. तू उठून तिच्यापुढे उभा राहिलास आणि तोंडातून काय निघालं, तर 'आम्ही देवगडचे.' बस्स. ती हसली. म्हणाली, 'मग कार्ड टाका ना कधी.' आणि लांज्याच्या गाडीत चढली. दोन पोती, एक कोंबडा आणि उभी माणसं अशा त्या गाडीत तिला बसायला जागा मिळाली की नाही ते दिसलं नाही.

पुढे महिनाभर तू एकही कार्ड टाकलं नाहीस. का, ते मी तेव्हाही विचारलं नव्हतं, आता विचारतो.

टीव्हीचं थोडक्यात आटपतो, कारण टीव्ही आपल्या आयुष्यात उशिरा आला. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं, पण आपल्याला ते चाकरमान्यांच्या तोंडूनच माहीत. स्मिता पाटील बातम्या द्यायची, भक्ती बर्वे दिसायची, डॉ. विश्वास मेहेंदळे, अनंत भावे, चारुशीला पटवर्धन ही नावं शिमग्याला आणि गणपतीला येणाऱ्यांकडून कळायची. जीन्सवरच साडी गुंडाळून स्मिता पाटील कॅमेऱ्यासमोर बसायची ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती मुंबईहून गणपतीला आलेल्या आत्याकडून, आणि आजीने त्यावर कानाला हात लावला होता. मी स्वतः पाहिलं ते मे महिन्याच्या सुट्टीत लालबागला, चाळीतल्या एकुलत्या शटरच्या टीव्हीसमोर, दारात चपलांचा ढीग. रविवारी 'साप्ताहिकी' लागायची. पुढच्या आठवड्यात काय काय दाखवणार ते नुसतं सांगायचे, आणि तेवढंच बघायला माणसं वेळ काढून येत.

आपल्याकडे टीव्ही रुळला तो ८४-८५ नंतर. पोफळीच्या सोटावर अँटेना, खाऱ्या वाऱ्याने दर पावसाळ्यात सडणारा. एक जण वर, एक खिडकीत, एक पडद्यासमोर. 'इला?' 'मुंग्यो!' इंदिरा गांधी गेल्या त्या ३१ ऑक्टोबरला सलमा सुलतान यांनी संध्याकाळी टीव्हीवर ती बातमी दिली म्हणतात, पण आपल्या वाडीत ती दुपारीच पोचली होती, कारण शाळेतले एक गुरुजी बीबीसी लावायचे. संध्याकाळी आकाशवाणीने अधिकृत सांगेपर्यंत अर्धी वाडी विश्वास ठेवायला तयार नव्हती. बीबीसीवर कळलं होतं, खरं झालं ते आपल्या रेडिओने सांगितल्यावर. चांगलं की वाईट, तू ठरव. मला तरी त्यात थोडं भाबडेपण दिसतं, आणि त्या भाबडेपणाचा पुढे बऱ्याच जणांनी फायदा घेतला असंही वाटतं.

प्रदीप भिडे यांच्याबद्दल तू लिहिलंस ते मात्र शब्दशः खरं. १९७४ पासून दूरदर्शनवर, आणि बातमी कितीही वाईट असली तरी त्या माणसाचा चेहरा तिच्या पुढे पुढे करायचा नाही. ते गेले २०२२ च्या ७ जूनला. दिल्लीच्या इंग्रजी बातम्यांच्या गीतांजली अय्यर २०२३ ला, तारीख तीच, ७ जून. दोन्ही वर्षी मृगाच्या तोंडावर. मी अंगणात शेणी आत घेत होतो आणि मुलाने मोबाईलवर वाचून दाखवलं. अमीन सयानी २०२४ च्या फेब्रुवारीत गेले, एक्याण्णवाव्या वर्षी. नावाच्या माणसांचं हे एक बरं असतं, गेल्याचं कळतं तरी. खडीसाखर कुठे असेल, हेडमास्तर आहे की नाही, कोणाला विचारणार? केंद्रात जाऊन 'शेवटचं अक्षर हलकेच खाली ठेवणाऱ्या बाई' म्हणून चौकशी केली तर शिपाईसुद्धा हसेल.

असो. मर्फी अजून आहे. दिवा लागतो, आवाज नाही. कुडाळचा दुरुस्तीवाला म्हणतो व्हॉल्व्ह गेलाय आणि तो आता मिळाला तर मुंबईत लॅमिंग्टन रोडलाच. मागच्या पुठ्ठ्यावरचा नंबर वेगळ्या चिठ्ठीवर उतरवून सोबत ठेवलाय. गणपतीला येताना तेवढं बघ. वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुझा,
विनू

ता. क. आकाशवाणीवरच्या 'प्रपंच'मधल्या मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू. टेकाडे भावजी बाळ कुडतरकर आणि पंत प्रभाकर जोशी. तू पत्रात भलतंच नाव लिहिलंयस. पैज लागली होती ती तुझ्या ध्यानात असेलच. मालवणला ताजा सरंगा खाऊ घालायचा होता, आणि बाजार हल्ली महाग आहे.