नेरूदा प्रकरणातला 'च'

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला चिलीचे कवी पाब्लो नेरूदांच्या मृत्यूवरचा लेख वाचला. मजकूर चांगला आहे. तक्रार आहे ती 'नेरूदांचा खूनच!' या मथळ्याबद्दल, खरं तर त्यातल्या 'च'बद्दल. मी 32 वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. विद्यार्थ्यांच्या जर्नलमधले असले 'च' खोडण्यात लाल शाई बरीच खर्ची पडली. जुनी खोड.

संशय येणं रास्तच आहे. 11 सप्टेंबर 1973 ला चिलीत लष्करानं सत्ता बळकावली आणि 23 तारखेच्या रात्री सांतियागोच्या सांता मारिया रुग्णालयात नेरूदा गेले. त्यांना न्यायला मेक्सिकोनं विमान तयार ठेवलं होतं. नोबेल मिळालेला कवी देशाबाहेर जाऊन बोलू लागला असता, तर ते लष्करशहा पिनोशेला परवडणारं नव्हतं. पोटात इंजेक्शन दिल्यावर प्रकृती एकदम बिघडली, असं त्यांचे चालक मानुएल आराया यांनी 2011 मध्ये सांगितलं, तेव्हा कुठे चौकशी सुरू झाली. 2013 मध्ये इस्ला नेग्रा इथली नेरूदांची कबर उघडली.

मृत्यूच्या दाखल्यावर कारण होतं प्रोस्टेटच्या कॅन्सरनं शरीर पार झिजल्याचं. 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ते खोडून काढलं, कारण मृत्यूच्या वेळी नेरूदा चांगले स्थूल होते! म्हणजे पहिला 'च' सरकारी दाखल्यातलाच. याच तज्ज्ञांना नेरूदांच्या दाढेत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचा माग लागला.

आपला मथळा घसरला तो इथे. हा जिवाणू मातीत सर्रास असतो, त्यामुळे तो पुरल्यानंतर दाढेत शिरला की आधीपासून होता, हा पहिला प्रश्न. कॅनडा आणि डेन्मार्कच्या प्रयोगशाळांनी 2023 च्या अहवालात तो मृत्यूच्या वेळी शरीरात असावा, इथपर्यंत आणून सोडलं. पण जीव घेतं ते जिवाणूनं तयार केलेलं विष. ते पडलं प्रथिन, टिकत नाही; अर्धशतकानंतर हाडांत काय सापडणार? सापडतो तो डीएनए, आणि जिवाणू होता एवढंच तो सांगतो. त्यानं विष सोडलं का, तो अन्नातून गेला की सुईतून, हे त्यातून कळत नाही. शिवाय मारेकऱ्याच्या हाती तयार विष असताना तो जिवाणू कशाला टोचेल, ही माझी आपली शंका.

अहवाल हाती येण्याआधीच नेरूदांच्या पुतण्यानं विषप्रयोग सिद्ध झाल्याचं जाहीर केलं होतं. घरच्या माणसाचं समजू शकतं, वर्तमानपत्राचं नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये सांतियागोच्या अपील न्यायालयानं बंद झालेला तपास पुन्हा उघडायला लावला. मृत्यूच्या दाखल्यावरच्या हस्ताक्षराची तपासणीही त्यात आहे. लेखात याचा उल्लेख नाही. पुढच्या रविवारी चौकटीत तेवढं छापा, आणि इंटरनेट आवृत्तीतल्या मथळ्यातला 'च' काढून त्या जागी प्रश्नचिन्ह द्या.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, कोल्हापूर