जुनी फोर बाय फोर घेताना

संपादक महोदय,

पावसाळा जवळ आला की खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जुन्या डिझेल फोर बाय फोर (चारही चाके ओढणाऱ्या) जीपची विचारपूस सुरू होते. कोल्हापूरची एमएच ०९ गाडी स्वस्त दिसते, पण फॉर्म २८ ची एनओसी (आरटीओचा ना-हरकत दाखला) आणि कर्जाचा बोजा असल्यास तो उतरवल्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय विसार देऊ नये. आपल्याकडचा, बेळगावचा केए २२ नंबर घेताना कर्नाटकचा रोड टॅक्स भरावा लागतो. तो धरूनच घासाघीस करावी.

इंजिन थंड असतानाच गाडी बघा. मालकाने आधीच गरम करून ठेवले असेल, तर कुठेतरी पाणी मुरतेय! चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण सैल केल्यावर धुराचे जोरदार भपके आले, तर बहुधा पिस्टन रिंग झिजलेल्या असतात. निळा धूर म्हणजे ऑइल जळतेय. काळा असेल तर आधी एअर फिल्टर बघा, मग डिझेल फवारणारे नोझल.

फोर बाय फोर कोरड्या डांबरावर तपासू नका. वळताना पुढची-मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, तो ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) येतो आणि फोर बाय फोरचा लिव्हर अडकतो. चिखलात फोर बाय फोर लावून पुढची चाके ओढतात का ते बघा. ट्रान्सफर केसचे ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी शिरलेय; तिथे किंमत निम्मी केली तरी हात लावू नये.

घाटात इंजिन बंद पडले, स्टार्टर फिरतो पण पकडत नाही, तर डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सोडून पाणी काढा आणि डिझेलच्या हातपंपाने लाइनमधली हवा काढा.

– एक मेकॅनिक, खानापूर