पोलिश लोक ‘न लढताच’ आले नव्हते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझी आजी रुकडीहून वळिवड्याच्या पोलिश कॅम्पात अंडी विकायला जायची. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. आज तिथे गांधीनगरची बाजारपेठ आहे. आजी म्हणायची, “लई गुणी माणसं. पण लडाई न करताच देस गेला बघ त्यांचा.” मीही तेच खरं धरून चाललो. पुढे फौजेत गेलो, मशीनगन चालवली, आणि निवृत्त झाल्यावर पोलंडमधली विझ्नाची लढाई वाचली. तेव्हापासून आजीचं ते वाक्य मला टोचतं.

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. पूर्व प्रशिया या जर्मन प्रांतातून जर्मन जनरल गुडेरियनचे रणगाडे ब्रेस्ट शहराकडे निघाले. वाटेत नारेव नदीकाठी विझ्ना हे गाव. तिथले बंकर अर्धवट बांधलेले. सातशेच्या आसपास पोलिश सैनिक, सहा तोफा, रणगाड्यांवर चालतील अशी हत्यारं जेमतेम. समोर चाळीस हजारांच्या आसपास फौज. पोलिश तुकडीचा प्रमुख कॅप्टन व्लादिस्लाव रागिनिस अवघा ३१ वर्षांचा. गुरा स्त्रेंकोवा या टेकडीवरच्या बंकरात त्याचं ठाणं होतं. जिवंतपणी जागा सोडणार नाही, अशी शपथ त्याने आणि लेफ्टनंट ब्रिकाल्स्कीने घेतली होती.

बंद बंकरात मशीनगन चालली की दारूच्या धुराने डोळे चुरचुरतात, कानात दडे बसतात, शेजारच्याला हाक ऐकू जात नाही. आम्ही ते सरावात अनुभवलं, तेही थोडा वेळ. ही माणसं ७ ते १० सप्टेंबर तिथे झुंजली. एकेक बंकर पडत गेला. शेवटी जखमी रागिनिसने उरलेल्या सैनिकांना बाहेर जायला सांगितलं आणि स्वतः हातबॉम्बने प्राण दिला. बाजीप्रभूंना विशाळगडाच्या तोफांची वाट तरी पाहता आली. रागिनिससाठी कुठूनही इशारत येणार नव्हती. ब्रिकाल्स्कीही तिथेच पडला. २०११ साली दोघांच्या अस्थी त्याच टेकडीवर पुन्हा दफन झाल्या.

१७ सप्टेंबरला पूर्वेकडून रशियन फौजा घुसल्या. विझ्नाचा मुलूखही त्यांच्याकडे गेला. पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाडीच्या डब्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तानात नेली. त्यातून वाचलेले इराणमार्गे आपल्याकडे पोचले. वळिवड्यात होत्या त्या बहुतेक बायका आणि पोरं. त्यांचे कितीतरी पुरुष जनरल आंदेर्सच्या पोलिश सैन्यात होते. मे १९४४ मध्ये इटलीतलं मोंते कासिनो हे डोंगरावरचं जर्मन ठाणं त्याच सैन्याने सर केलं. आजीला लढणारे दिसलेच नाहीत, म्हणून तिला वाटलं की कुणी लढलंच नाही.

आपण कोल्हापूरकर पोलिश लोकांविषयी बोलतो ते आसऱ्याचं. तो दिला याचा मलाही अभिमान आहे. पण आसरा घेणारे कोण होते, हेही आपल्या पोरांना कळायला हवं. पन्हाळ्याचा वेढा पाठ असलेल्या मुलांना विझ्ना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. येत्या १० सप्टेंबरला आपल्या अंकात रागिनिसबद्दल चार ओळी याव्यात, ही विनंती.

त्या दिवशी सकाळी आठला मी महावीर उद्यानातल्या पोलिश स्मृतिस्तंभापाशी असेन. ज्यांच्या घरात वळिवडे कॅम्पाची आठवण आहे, त्यांनी जरूर यावं.

– एक निवृत्त हवालदार, मराठा लाइट इन्फंट्री
रुकडी, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर