गल्ल्यातले 3200 रुपये

सौरभ बाळा,

काल फोनवर तू चिडलास, मीपण आवाज चढवला, डॉक्टरनी नको म्हटलंय तरी. म्हणून आता ताईकडं बसून शांतपणे टाइप करतोय. दुकानात कामाला असलेल्या पोरानं गल्ल्यातून 3200 घेतले, सीसीटीव्हीत दिसलं, त्यानं कबूलपण केलं. चोरी ती चोरीच, त्यात आपलं दुमत नाही. प्रश्न आहे तो पोलिसात द्यायचं का नाही याचा.

तू म्हणालास नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय न्याय संहितेत, 5 हजाराच्या आतली चोरी असेल आणि पहिलीच वेळ असेल तर पैसे परत केले की नुसती समाजसेवा करायला लावतात, मग कम्प्लेंट दिली तर त्याचं काय बिघडतंय. मी वकील काकांना विचारलं. ती सवलत कलम 303 ला आहे, खरंय. पण नोकरानं मालकाकडं चोरी केली की 306 लागतं, 7 वर्षांपर्यंत शिक्षा, आणि समाजसेवेचं त्यात काही लिहिलेलंच नाही. म्हणजे रस्त्यावरची 3200 ची सायकल उचलणारा समाजसेवेवर भागवू शकतो आणि आपला पोरगा नाही. 1958 चा प्रोबेशनचा कायदा आहे, कोर्ट समज देऊन किंवा बाँडवर सोडू शकतं, पण ते गुन्हा शाबित झाल्यावर, तोपर्यंत नुसत्या तारखा. आणि हा पोरगा पोलीस भरतीची तयारी करतोय रे, पहाटे ग्राउंडवर 1600 मीटर मारून मग आपलं शटर उघडायला येतो, उद्या चारित्र्य पडताळणीत केस निघाली तर सगळं तिथंच थांबलं. पैसे त्यानं पळायच्या बुटांसाठी घेतले, आईच्या औषधाला वगैरे नाही, हे मला माहितीय, त्याला बिचारा म्हणत नाहीये मी.

तुझं एक वाक्य मात्र मला फार लागलं. "यांच्या रक्तातच असतं." सोलापुरात जन्मून हे बोलतोस? 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमातीच जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, आपल्याच गावात सेटलमेंटच्या, म्हणजे या जमातींना डांबायच्या वसाहतीच्या, तारेमागं माणसं ठेवली, हजेरी द्यायला लावली, चोरी केलेली असो वा नसो. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, तरी लोकांच्या तोंडात अजून आहे. परत बोलू नकोस.

आता तू म्हणशील, त्या आधीच्या पोराचं काय झालं. बरोबर आहे. तू लहान होतास, त्याला मी माफ केलं आणि दोन महिन्यात तो ड्रिल मशीन घेऊन पसार झाला. त्यावर मी खूप विचार केलाय. माझी चूक माफ करण्यात नव्हती, मी त्याला एका शब्दानं विचारलं नाही आणि गल्ल्याची चावी दुसऱ्या दिवशी परत त्याच्याच हातात दिली, "जाऊ दे" म्हणालो, ती चूक होती. मी मोठेपणा घेतला आणि त्याला काहीच करावं लागलं नाही.

म्हणून या वेळी असं कर. आत गोडाऊनमध्ये समोरासमोर बसव, दारात गिऱ्हाईकांपुढं नाही, किती घेतले, कधी घेतले ते त्याच्याच तोंडून वदवून घे. आठवड्याला 400 पगारातून कापायचे, आठ आठवडे, वहीत त्याच्या हातानं लिहून सही. वर्षभर गल्ल्याला हात नाही, उधारी वसुलीला पाठवायचं नाही. बूट परत मागू नकोस, पळू दे त्याला. आणि परत एक रुपया जरी गेला तर मी स्वतः येऊन स्टेशनला कम्प्लेंट देईन, हे त्याला माझ्या नावानं सांग.

शेजारच्या पेंटवाल्याला काही बोलला नसशील तर बोलू नकोस. सोमवारी 8 एमएमच्या सळ्या येणारेत, उतरवून मोजायला त्यालाच घे, बंडल तोच नीट मोजतो.

अप्पा